मामाच्या गोळ्या

शिरपूर तालुक्यात फार्मसीच्या मुलांना मी औषधी रसायनशास्त्र शिकवते. मुलांचा हा सगळ्यात नावडता विषय. षटकोन काढायचा, त्याला पंचकोन जोडायचा, नायट्रोजन कुठं नि ऑक्सिजन कुठं ते घोकायचं आणि पेपरात उतरवून मोकळं व्हायचं. फळ्यावरच्या त्या आकृतीवर कुणाची नोकरी अडकलेली असू शकते हे कितीही कळवळून सांगितलं तरी मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही. पुस्तकातली उदाहरणं परदेशातली, आणि त्यातला रोगी म्हणजे नुसतं वय आणि वजन.

एका एप्रिलमध्ये द्वितीय वर्षाची एक मुलगी पहिल्या तासाच्या आधीच स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात मेडिकलवाल्याची कागदी पिशवी.

"मॅडम, माझ्या मामाच्या गोळ्या आहेत. जरा बघता?"

मामाचं नाव सांगत नाही. तो सूतगिरणीत रिंगफ्रेमवर कामाला. आदल्या रात्री पाळीवर असताना उभ्या उभ्याच त्याचा डोळा लागला आणि तो चालू यंत्राच्या दिशेने कलंडला. शेजारच्याने शर्टाला धरून ओढला म्हणून हात वाचला. सुपरवायझरने तोंडाचा वास घेतला, काही आला नाही, तरी "उतरली की ये" म्हणून घरी पाठवून दिलं. त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा असं झालं होतं. तिसऱ्यांदा झालं तर कामावरून काढतील, असं जॉबर बोलून गेला होता.

"आणि मॅडम, नुसती झोप नाही. छाती धडधडते, हात थरथरतात. गावातल्या डॉक्टरांनी बीपी, शुगर, ईसीजी सगळं बघितलं. सगळं नॉर्मल."

झोप आणि धडधड एकाच माणसाला एकाच वेळी? मी पिशवी टेबलावर पालथी केली. अ‍ॅसिडिटीची पाकिटं, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी, फ्लुवोक्सामिन ५० मिलिग्रॅमची पट्टी आणि एक गोल, जांभळी, देखणी बाटली. बाटलीवर चंद्रकोर. मेलाटोनिन, १० मिलिग्रॅम. खाली 'नैसर्गिक' आणि त्याच्याही खाली 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट'.

"यातलं कुठलं आधी सुरू झालं?"

बाटली आधीची निघाली, दिवाळीनंतरची. रात्रपाळी करून मामा सकाळी उन्हात गाडीवर घरी येणार, घर पत्र्याचं, बाहेर पोरांचा कालवा. झोप लागायची नाही. पुण्याला असलेल्या भाच्याने बाटली ऑनलाइन मागवून दिली. सकाळी घरी आल्यावर एक गोळी, आणि हिवाळाभर मामाला ती चांगली मानवली. झोपायचा, उठायचा, रात्री ताजातवाना पाळीवर जायचा. फ्लुवोक्सामिन मार्चमधलं. यंत्राचं तेल हाताला लागलंय असं वाटून मामा तासन्तास हात धुवायला लागला होता, कातडी सोलून निघेपर्यंत. धुळ्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी हे औषध दिलं, आणि हात धुणं खरंच कमी झालं.

"त्यांना ही बाटली दाखवली होती?"

"नाही. ती औषध थोडीच आहे मॅडम, नैसर्गिकच आहे ना."

"चहा किती पितो तुझा मामा?"

ती बुचकळ्यात पडली. "आधी दोन-तीन कप. आता झोप घालवायला दहा-बारा होत असतील."

एवढं ऐकल्यावर वही उघडायची गरज उरली नाही. फ्लुवोक्सामिन आणि मेलाटोनिन ही जोडी मी वर्षानुवर्षं 'एकत्र देऊ नये' या यादीत शिकवत आले होते. हाडामांसाच्या माणसात ती मला पहिल्यांदा भेटत होती, आणि बरोबर चहाला घेऊन आली होती.

मी तिला म्हटलं, आजची सकाळची गोळी मामाला घेऊ देऊ नकोस, हे आत्ता घरी फोन करून सांग. फ्लुवोक्सामिनला मात्र कुणी हात लावायचा नाही, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नसतं. ते डॉक्टर दुपारी दोननंतरच भेटतील असं त्यांच्या दवाखान्यातून कळलं. मधल्या वेळात माझा तास होता. विषय होता सेरोटोनिनवर, म्हणजे मेंदूतल्या एका संदेशवाहक रसायनावर, काम करणारी औषधं. नाव न घेता मी मामाला फळ्यावर नेला.

आधी सेरोटोनिन काढलं. इंडोल म्हणजे षटकोनाला चिकटलेला पंचकोन, पंचकोनात एक नायट्रोजन. पाचव्या जागेवर हायड्रॉक्सिल. तिसऱ्या जागेवरून दोन कार्बनची साखळी आणि तिच्या टोकाला अमाइन. मग शेजारी तीच आकृती पुन्हा काढून दोनच बदल केले. टोकाच्या अमाइनला एक अ‍ॅसिटिल गट जोडला, आणि पाचव्या जागेवरच्या हायड्रॉक्सिलला एक मिथाइल जोडून त्याचं मेथॉक्सी केलं. झालं मेलाटोनिन. रेणुभार २३२. मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत रात्री हेच दोन बदल होतात. पहिला बदल करणारं एन्झाइम अंधार पडल्यावर वाढतं आणि रात्री अचानक उजेड पडला तर बघता बघता नाहीसं होतं. हा मार्ग अमेरिकेत ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड आणि हर्बर्ट वाइसबाख यांनी १९६० च्या सुमारास उलगडला.

"आता सांगा, दोन एवढ्याशा गटांनी काय बिघडलं किंवा सुधारलं?"

मागून नेहमीचं उत्तर आलं, "फॅटमध्ये विरघळतं." बरोबर आहे, पण अर्धंच. टोकाचं अमाइन मोकळं असतं तेव्हा रक्ताच्या पीएचला ते हायड्रोजनचा एक आयन पकडून धनभारित होतं. भार घेऊन पेशीच्या तेलकट पटलातून आरपार जाता येत नाही. म्हणून सेरोटोनिनला पेशीत शिरायला वाहक प्रथिन लागतं, आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही. अ‍ॅसिटिल लागला की त्या नायट्रोजनची हायड्रोजन पकडायची ओढ जवळपास संपते. भार गेला. तिकडे हायड्रॉक्सिलचं मेथॉक्सी झालं की पाण्याला धरून ठेवणारा आणखी एक हात कमी झाला. आता हा रेणू पटलातून, रक्त आणि मेंदू यांच्यातल्या अडसरातून, वारेतूनसुद्धा पलीकडे जातो. पाण्याला तो पूर्ण पारखाही होत नाही, त्यामुळे रक्तातूनही फिरतो.

याचा एक परिणाम मला स्वतःला फार आवडतो, पुस्तकं मात्र त्यावरून भरभर पुढे जातात. सेरोटोनिन पेशीत छोट्या पिशव्यांमध्ये साठवता येतं, कारण भारित रेणू पिशवीतून झिरपत नाही. मेलाटोनिन असं कोंडून ठेवता येत नाही. पिनियल ग्रंथीत ते जसं तयार होतं तसं बाहेर पडतं. म्हणून रक्तातली पातळी म्हणजे त्या क्षणी किती तयार होतंय त्याची थेट नोंद. रात्र किती लांब आहे हे शरीरातल्या बाकीच्या पेशींना यावरूनच कळतं. साठा करता आला असता तर ही माहिती इतकी नेमकी राहिली नसती.

एका मुलाने विचारलं, सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर, मेलाटोनिन का बसत नाही, इतकं सारखं दिसतं तर? असा प्रश्न आला की त्या दिवशीचा पगार वसूल झाल्यासारखं वाटतं. सेरोटोनिनच्या बहुतेक रिसेप्टरांमध्ये आत एक ऋणभारित अमिनो आम्ल, अ‍ॅस्पार्टेट असतं, ते सेरोटोनिनच्या धनभारित टोकाला धरतं. मेलाटोनिनकडे तो भारच उरलेला नाही. आणि मेलाटोनिनच्या दोन रिसेप्टरांमध्ये, एमटी-वन आणि एमटी-टूमध्ये, त्या जागी अ‍ॅस्पार्टेट नाही. २०१९ मध्ये क्ष-किरण लेसर वापरून या दोन्ही रिसेप्टरांच्या त्रिमितीय रचना मिळाल्या. एमटी-वनच्या खोबणीत मेथॉक्सीतल्या ऑक्सिजनला १६२ व्या जागेवरचं अ‍ॅस्पॅराजिन धरतं, दुसऱ्या टोकाच्या अमाइडला १८१ व्या जागेवरचं ग्लुटामिन धरतं आणि मधल्या सपाट वलयावर १७९ व्या जागेवरचं फिनाइलअ‍ॅलनिन टेकतं. म्हणजे पिनियलने जे दोन गट जोडले, तेच दोन इथे पकडायच्या जागा झाले. या खोबणीचं वरचं, पेशीबाहेरचं तोंड जवळपास झाकलेलं आहे. रस्ता आहे तो बाजूने, पटलाच्या आतून. तेलकट थरात शिरू शकणाऱ्या बिनभाराच्या रेणूलाच तो परवडतो.

तिथे बसून मेलाटोनिन काय करतं? रिसेप्टर जी-आय जातीच्या प्रथिनामार्फत पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन कमी करतो. मेंदूतल्या घड्याळाच्या पेशींचं विद्युत स्पंदन मंदावतं आणि घड्याळाचा काटा पुढे-मागे सरकवता येतो. झोपेच्या इतर गोळ्यांसारखा हा मेंदूवर घातलेला घाव नव्हे, हे मी दरवर्षी ठासून सांगते. पण त्याच तासाला हेही सांगते की शरीराला सवय आहे ती रक्तात मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅमची. साधी १ ते ५ मिलिग्रॅमची गोळी घेतली तरी तासाभरात रक्तातली पातळी रात्रीच्या नैसर्गिक शिखराच्या १० ते १०० पट जाते. मामाच्या बाटलीत १० होते.

मुलींच्या रांगेतून आवाज आला, "मग मॅडम, हिवाळाभर त्याला काही झालं नाही, ते का?"

कारण ते लगेच संपतं. ज्या वलयामुळे ते उपयोगी पडतं त्याच वलयावर यकृत हल्ला करतं. मेथॉक्सीच्या शेजारची सहावी जागा मोकळी असते. सिप-वन-ए-टू नावाचं एन्झाइम तिथे हायड्रॉक्सिल बसवतं, त्यावर सल्फेट चढतं, आणि लघवीवाटे बाहेर. रक्तात आलेलं मेलाटोनिन साधारण पाऊण तासात निम्मं होतं. मुळात तोंडाने घेतलेल्यातलं यकृताच्या पहिल्याच फेरीत इतकं खलास होतं की सरासरी १५ टक्क्यांच्या आसपासच पुढे सरकतं. गोळीवर १० लिहिलेले असले तरी शरीराच्या हाती दीड लागतात. हे एन्झाइम सपाट, वलयी रेणूंचं शौकीन आहे. त्याच्या गिऱ्हाइकांत आणखी एक मोठं नाव म्हणजे कॅफिन.

इथे वर्गात पहिल्यांदा कुजबुज झाली. दोन-तीन जणांना पुढचं दिसलं होतं.

फ्लुवोक्सामिन सिप-वन-ए-टूला जाम करून टाकतं. त्याच कुळातली फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन ही औषधं या एन्झाइमला फारसा हात लावत नाहीत. ही खोड फ्लुवोक्सामिनची. आत येतानाची तपासणी बंद आणि बाहेर जायचा रस्ताही बंद. युरोपातल्या मेलाटोनिनच्या अधिकृत माहितीपत्रकात आकडे आहेत: फ्लुवोक्सामिनसोबत मेलाटोनिनचं रक्तातलं एकूण प्रमाण १७ पट आणि उच्चतम पातळी १२ पट. दोन्ही एकत्र टाळा, असंही तिथे लिहिलंय. ढोबळ हिशेब केला तर मामाची १० ची गोळी मार्चपासून १७० ची झाली होती. सकाळी घेतलेली गोळी रात्रीच्या पाळीपर्यंत अंगात रेंगाळत होती. झोप आली की मामा चहा घ्यायचा, आणि चहातलं कॅफिनही त्याच बंद दारापाशी तुंबायचं. त्याचीच धडधड, तीच थरथर.

फळ्यावर मी फ्लुवोक्सामिनही काढलं होतं. एका मुलीने बरोबर हेरलं: त्याच्या साखळीच्या टोकालाही मेथॉक्सी आहे. "त्यामुळेच का?" नाही. मेथॉक्सी कशाला जोडलाय, किती अंतरावर आहे आणि समोर कोणतं प्रथिन आहे, यावर सगळं ठरतं. लुझिंडोल नावाचं संयुग घ्या. मेलाटोनिनमधलं मेथॉक्सी काढून टाकलं आणि दुसऱ्या जागेवर एक बेंझिल बसवलं की ते तयार होतं. मेलाटोनिनच्या रिसेप्टरवर ते बसतं, पण त्याला चालू न करता अडवून धरतं. उलट अ‍ॅगोमेलॅटिनमध्ये इंडोलच नाही, त्याजागी नॅफ्थलिन आहे. मेथॉक्सी आणि अमाइड मात्र हव्या त्या अंतरावर आहेत, आणि रिसेप्टर ते खुशाल स्वीकारतो. रॅमेल्टिऑनमध्ये तर मेथॉक्सीचा ऑक्सिजन एका वलयातच ओवून टाकलाय, तरीही चालतं. यावरून असं दिसतं की रिसेप्टरला दोन टोकांशी मतलब आहे, मधलं वलय सपाट असलं की त्याचं भागतं. आणि वलय सपाट म्हटलं की सिप-वन-ए-टू हजर. रॅमेल्टिऑन आणि अ‍ॅगोमेलॅटिन दोन्हीही फ्लुवोक्सामिनबरोबर वर्ज्य आहेत.

मग इंडोलचं खास असं काम काय? तर बाटलीवरचा तो 'शक्तिशाली अँटिऑक्सिडंट'. इंडोल वलयात इलेक्ट्रॉनांची सुबत्ता असते. हायड्रॉक्सिलसारख्या आक्रमक मूलकाला, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेल्या तुकड्याला, ते इलेक्ट्रॉन देऊ शकतं. १९९३ मध्ये टेक्ससमधल्या रसेल रायटर यांच्या गटाने हे दाखवलं. पंचकोनातला दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमधला बंध तुटून जो रेणू उरतो, तोही पुढे तेच काम करू शकतो. रसायन म्हणून हे सुंदर आहे. पण परीक्षानळीत हा गुण ठसठशीत दिसायला मेलाटोनिन सहसा मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त लागतं, आणि रात्री रक्तात असतं ते त्याच्या हजारो पटींनी कमी. रिसेप्टरचं काम त्या चिमूटभर प्रमाणात होतं, मूलकं टिपण्याचं होतं असं बाटलीच्या भरवशावर मी तरी म्हणणार नाही. लेबल छापणाऱ्याने या दोन प्रमाणांची गल्लत केली आहे आणि ती जाणूनबुजून केली आहे असं माझं मत आहे.

तास संपला तरी मुलं उठली नाहीत. एकाने विचारलं, हे गोरं व्हायच्या क्रीममध्ये घालतात का? प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. या रेणूचा शोधच कातडीच्या रंगावरून लागला. १९१७ मध्ये मॅककॉर्ड आणि अ‍ॅलन यांनी बेडकाच्या पिल्लांना गाईच्या पिनियल ग्रंथीचा अर्क खाऊ घातला, तर ती फिकी पडली. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गाईबैलांच्या हजारो ग्रंथींमधून तो पदार्थ वेगळा काढला. त्यांना कोडासारख्या आजारांवर काही मिळतंय का ते पाहायचं होतं. बेडकाच्या रंगपेशीवर मेलाटोनिनचा रिसेप्टर असतो, तिथे सायक्लिक एएमपी घसरलं की रंगाचे कण मध्याशी गोळा होतात. माणसाच्या कातडीत तशा पेशीच नाहीत. रेणू तोच, फरक पेशीचा. गोरं होण्याचा बेत बारगळला आणि मुलं उठली.

दोन वाजून गेल्यावर मनोविकारतज्ज्ञांना फोन लागला. मी शिक्षिका आहे, रोगी पाहणं माझं काम नाही, हे आधीच सांगितलं आणि बाटलीवरचं नाव व आकडा वाचून दाखवला. पलीकडे क्षणभर काही नाही, मग एकदम, "दहा? आणि मला कुणी सांगितलंच नाही!" त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि मामाला संध्याकाळी घरी कुणी समजावून सांगेल का म्हणाले. उद्या त्याला धुळ्याला पाठवा, तोवर मेलाटोनिन बंद, फ्लुवोक्सामिन चालू, चहा दोन कपांवर आणा, आणि आज रात्री त्याला यंत्रापाशी जाऊ देऊ नका.

कॉलेज सुटल्यावर त्या मुलीबरोबर मी तापीकाठच्या तिच्या आजोळी गेले. साडेपाचलाही पत्रा तापलेला होता. मामा ओट्यावर बसलेला, डोळे जड, बोटं आपोआप हलणारी. चाळिशीचा, अंगाने रोड माणूस, आणि शरमेने अर्धा झालेला. त्याच्या आईनेच बोलायला सुरुवात केली.

"बाई, मन्हा पोऱ्या दारू पेत नही. लोके काहीबी बोलतस. त्याले बाहेरनं काही व्हयेल शे का?"

म्हटलं, बाहेरचं काही नाही आजी, सगळं पिशवीतलंच आहे. तिला सिप-वन-ए-टू कसं सांगायचं? एवढंच सांगितलं की एक गोळी अंगातून निघून जायला जो रस्ता लागतो तो दुसऱ्या गोळीने अडवलाय, आणि चहाही त्याच रस्त्यावर अडकून पडलाय. हे तिला वर्गातल्या काही मुलांपेक्षा लवकर कळलं.

"मंग चहा बी बंद?"

दोन कप, म्हटलं. ती मामाकडे अशी बघायला लागली की जणू त्याला उपाशी ठेवायला सांगितलंय.

आणि मग तिनेच एक गोष्ट सांगितली, जी भाचीला माहीत नव्हती. होळीपासून मामाने बिडी सोडली होती. डॉक्टरांनी सांगितलं, त्याने सोडली, घरात सगळे खूश. मी मनाशी म्हटलं, घ्या, हेही त्यातच. बिडीच्या धुरातली बहुवलयी हायड्रोकार्बनं यकृतात सिप-वन-ए-टू वाढवतात. बिडी ओढणाऱ्याचं हे एन्झाइम जास्त असतं, सोडली की काही दिवसांत खाली येतं. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, म्हणून तंबाखू चघळणाऱ्याला ते लागू होत नाही. म्हणजे हिवाळ्यात मामाला गोळी 'मानवली' होती त्यात बिडीचाही वाटा असणार, आणि मार्चमध्ये एन्झाइम कमीही झालं आणि उरलेलं जामही झालं. बिडी पुन्हा धर असं अर्थातच कुणी म्हणणार नाही. मी ते डॉक्टरांना तेवढं कळवलं.

निघताना आजीने विचारलं, "मंग त्याले झोप येवासाठे केयं देऊ का?" केळ्याने झोप येते असं तिने टीव्हीवर ऐकलं होतं. केळ्यात मेलाटोनिन असतं हे खरं आहे, वनस्पतींमध्ये ते असतं हे १९९५ पासून माहीत आहे. पण ग्रॅममागे एक नॅनोग्रॅम धरलं, तरी ३ मिलिग्रॅमसाठी तीन टन केळी खावी लागतील, म्हणजे रावेरच्या बागेतून भरून निघालेली एक आयशर. आजी पदर तोंडाला लावून हसली. मामाही हसला. त्याला केळी द्या, पोट भरेल, असं सांगून आम्ही निघालो.

झोपेसाठी खरं काम आजीच्या नातीने केलं. सकाळी गिरणीतून येताना मामाने काळा चष्मा घालायचा, कारण डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूच्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं कळवतात त्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त भुलतात. खिडकीला जाड गोधडी. पत्र्यावर उसाचं पाचट आणि वर पाणी. औषधाच्या दुकानात यातलं काहीच मिळत नाही.

डॉक्टरांनी सुपरवायझरसाठी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत आजाराचं नाव नव्हतं. औषधांच्या एकत्र परिणामामुळे झोप आली, मद्यपानाचा संबंध नाही, एवढंच. मामाला काही आठवडे दिवसपाळी मिळाली. बोटांची थरथर आधी गेली, झोपाळूपणा त्यानंतर उतरला. हात धुण्याचा चाळा पुन्हा वाढला नाही, म्हणून फ्लुवोक्सामिन तसंच चालू राहिलं.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहिली. फ्लुवोक्सामिन स्वतःही काहींना पेंग आणतं. मामाच्या झोपेतला किती हिस्सा त्याचा, किती साठलेल्या मेलाटोनिनचा आणि किती निव्वळ जागरणाचा? रक्तातलं मेलाटोनिन मोजलं असतं, लघवीतलं सल्फेट आधी आणि नंतर पाहिलं असतं, तर उत्तराच्या जवळ जाता आलं असतं. आमच्या भागात रोजच्या तपासण्यांमध्ये हे कुणी करत नाही. डॉक्टरांशी पुढे एकदा बोलणं झालं तेव्हा मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, माणूस पाळीवर जागा राहतोय. आणखी काय पाहिजे?"

मला आकडा पाहिजे होता. अजूनही पाहिजे आहे. यंदा अंतिम वर्षाच्या एका गटाला मी प्रकल्प दिलाय: आजूबाजूच्या मेडिकल दुकानांमध्ये जाऊन, मेलाटोनिन घेणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना दुकानदार 'दुसरी कुठली गोळी चालू आहे?' असं विचारतो, ते मोजायचं.